खुर्चीला हात असतात

चौदा महिने, दर गुरुवारी सात वाजता,
मी फक्त गळ्यापासून वर होते.
लॅपटॉपखाली दोन गाइडं, एक शब्दकोश, भिशीची वही.
कॅमेरा वरून घेतला की हनुवटी एकच येते.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
कुणालाच शिकवावं लागत नाही.

आठ चौकटी.
टिपणीस मॅडम पुस्तकांच्या कपाटासमोर.
कुंदाताई म्हणजे पंख्याचं एक पातं आणि अर्धं कपाळ.
निनाद जिमच्या पार्किंगमधून, गाडीत बसून, काचा वर.
अल्फियाची चौकट काळी. पांढऱ्या अक्षरांत नाव,
आणि माइकवर लाल रेघ.
"तुमचा आवाज येत नाहीये"
हे आम्ही एकमेकांना इतक्यांदा म्हणालो
की थोडाफार उपचार त्याचाच झाला असावा.

मी तिथे खरं बोलले, नाही असं नाही.
साखरपुड्यात मावशी चारचौघांत म्हणाली होती,
"सासरचं बरंच अंगी लागलंय हं!"
ते सांगितलं.
सांगताना टेबलाखाली डाव्या हाताने
पोटाची वळी धरून ठेवली होती
ते नाही सांगितलं.
पडद्याला खालची कड असते.
मी बहुतेक तिच्या खालीच राहायचे.

मग मॅडम म्हणाल्या, आता भेटूया.
वाशी, सेक्टर सतरा, दुसरा मजला. लिफ्ट आहे.
मला आधी लिफ्टमधला आरसा दिसला,
मग खुर्च्या.
खुर्चीला हात असतात, आणि त्या दोन हातांच्या मध्ये
माणसाला मावावं लागतं,
हे चौदा महिन्यांत विसरायला झालं होतं.

पहिल्या गुरुवारी गेलेच नाही.
नेरुळच्या तळ्याशी रिक्षा सोडली
आणि फ्लेमिंगो बघत बसले तासभर.
चिखलात मान घालून नुसते खात होते.
जे खातात त्याचाच म्हणे रंग चढतो त्यांना,
आणि लोक लांबून लांबून ते बघायला येतात.
एक बाई मुलाला म्हणाली, "बघ, कसे गुलाबी झालेत!"
मला उगाच रडू आलं. घरी जाऊन
"नेटवर्क नव्हतं" असा मेसेज केला.
प्रत्यक्ष भेटीला.

दुसऱ्या गुरुवारी गेले.
निनाद बुटका निघाला, कुंदाताई ताडासारख्या.
निम्म्या खुर्च्यांना हात नव्हते.
कुणी ठेवल्या, विचारलं नाही.
खाली फरसाणचं दुकान,
साडेसहाचा समोशांचा घाणा वर चढत होता
जिन्याने, खिडकीने, कुणाला न विचारता.
पडद्याला वास नव्हता, केवढी सोय होती!
सगळेजण नाकाने नाही, तोंडाने श्वास घेत होतो.
कुणी बोलेना.

आणि त्या शांततेत कुणाचं तरी पोट वाजलं.
लांबलचक. दार करकरावं तसं.

कुणाचं, ते सगळ्यांना कळलं, आणि कुणीच बघितलं नाही.
इथे म्यूटचं बटण नव्हतं.
मी पर्स पोटावर ओढली,
निनादने पाण्याची बाटली उगाच उघडली.
मग कुंदाताई, बँकेतून निवृत्त, अठ्ठावन्न वर्षांच्या,
म्हणाल्या, "माझे कावळे आहेत ते.
चाळीस वर्षं गप्प बसवलेत."
आणि हसल्या. आधी त्या एकट्याच.
मग माझंही वाजलं.

अल्फिया येत नाही. तळोज्याहून तिला जमत नाही,
किंवा खोलीत येणं जमत नाही, एवढंच माहीत आहे.
तिच्यासाठी आठव्या खुर्चीवर मॅडमचा फोन,
उशीला टेकवून, आमच्याकडे तोंड करून.
चेहरा काळाच.
मी अजून खुर्चीच्या कडेवर बसते, पर्स मांडीवर.
पूर्वी कधीकधी वाटायचं, तिचंच बरंय.

त्या दिवशी कुंदाताई हसत असताना
मी सहज आठव्या खुर्चीकडे बघितलं.
माइकवरची लाल रेघ गेली होती.
ती काही बोलली नाही.
पंख्याचा आवाज, लांब कुणाच्या कुकरची शिट्टी,
मग ताटली ठेवल्यासारखं काहीतरी.
आम्ही ऐकत राहिलो.
कुणीही म्हणालं नाही,
आवाज येत नाहीये.